स्टेडियमचा आपत्कालीन आराखडा: गेटच्या कडीपासून सामना थांबवण्याच्या अधिकारापर्यंत

मोठ्या मैदानावर कार्यक्रम ठरला की परवानग्यांची फाईल तयार होते आणि तिच्यात ‘आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ या नावाने चार पानं लागतात. पुष्कळदा ती मागच्या कार्यक्रमाच्या फाईलमधून उचललेली असतात, फक्त तारीख बदललेली असते. ती चार पानं खरी कशी करायची, हे इथे क्रमाने सांगतो. क्रीडा संघटना, संकुल समित्या, महापालिकेचे अधिकारी, इव्हेंटवाले आणि मैदानावर कार्यक्रम घेणारी मंडळं या सगळ्यांना ते उपयोगी पडावं.

नाशिकला गर्दी नवी नाही. सिंहस्थ, रामरथाचा उत्सव, गणपतीची मिरवणूक, गोल्फ क्लबच्या म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरचे रणजी सामने आणि सभा, हे सगळं आपण पाहत आलोय. २७ ऑगस्ट २००३ ला शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले, हेही या शहराने पाहिलंय. मैदानांवरच्या दुर्घटनांचा इतिहास चाळला तर बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी सापडतात. माणसांची वाट कुठेतरी अरुंद झाली होती, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा हे त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून आराखड्यातला निम्मा वेळ या दोन गोष्टींना द्या. पुढच्या हिशेबासाठी २० हजार प्रेक्षकांचं मैदान धरलं आहे.

पहिलं काम: टेप घेऊन मैदानाला फेरी मारा

पहिली बैठक एसी हॉलमध्ये नको, मैदानावरच घ्या. सोबत मोजायची टेप, नकाशाची मोठी प्रिंट, अग्निशमन दलाचा माणूस, स्थानिक पोलीस ठाण्याचा अधिकारी आणि मैदानावरचा सगळ्यात जुना वॉचमन हवा. वॉचमनला विसरू नका. पाणी कुठे तुंबतं, कोणत्या भिंतीवरून पोरं आत उड्या मारतात, कोणता जिना पावसात निसरडा होतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

प्रत्येक गेटपाशी थांबा. नकाशावर गेट सहा मीटरचं असतं. तिथे जाऊन पाहिलं तर एक झडप कायमची बंद, कारण तिच्या खालच्या कडीचा दांडा जमिनीतल्या भोकात उतरतो आणि त्या भोकात माती, खडी, गुटख्याच्या पुड्या भरून तो घट्ट बसलेला असतो. दुसरी झडप उघडते, पण आतल्या बाजूला. म्हणजे आतून लोकांचा रेटा आला की ती उघडायच्या ऐवजी दाबली जाणार. साखळीला कुलूप असतं, किल्ली जुडग्यात असते, जुडग्यातल्या एकाही किल्लीवर नंबर नसतो, आणि जुडगं ज्याच्या कमरेला तो कोपऱ्यावर चहाला गेलेला असतो. गेटबाहेर दोन पावलांवर वडापावची गाडी आणि दुचाक्यांची रांग. सहा मीटरचं गेट त्या घडीला प्रत्यक्षात दीड मीटरचं आहे. आराखड्यात दीडच लिहा. उरलेले साडेचार मीटर मोकळे करण्याचं काम कोणाचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याच ओळीत पुढे लिहा.

आता हिशेब. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं आणि जिन्यावर ६६ माणसं बाहेर पडतात असं धरतात. सामना संपल्यावर सगळे आठ मिनिटांच्या आत मोकळ्या वाटेला लागावेत, अशी तिथली मर्यादा आहे. आठ मिनिटांत एका मीटरमधून साधारण ६५६ जण जातील. २० हजारांना साडेतीस मीटर रुंदी लागेल, म्हणजे तीन मीटरची अकरा गेट. एक गेट आगीमुळे किंवा भांडणामुळे बंद पडणारच असं धरून बारा ठेवा. जिने असतील तर आकडा आणखी चढतो, आठ मिनिटांसाठी ३८ मीटरच्या आसपास. आग लागली तर आठ मिनिटंही परवडत नाहीत. लाकडी किंवा कापडी मांडव असेल तर त्याच मार्गदर्शिकेत ही वेळ अडीच मिनिटांपर्यंत खाली येते. तुमची रुंदी भरत नसेल तर उत्तर सरळ आहे: तिकिटं कमी छापा. मैदानाची क्षमता खुर्च्या मोजून ठरवू नका. आत येण्याची, बसण्याची आणि बाहेर पडण्याची सोय मोजा, आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा ही तुमची क्षमता.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानात ११ मे १९८५ ला लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याने पेट घेतला. मागच्या बाजूची दारं बंद होती. ५६ माणसं गेली. स्टँडखालची जागा म्हणजे खुर्च्या, बॅनर, पुठ्ठे टाकायचं कोठार असा आपल्याकडे रिवाज पडलाय. फेरीत तिथे वाकून बघा आणि त्याच आठवड्यात जागा रिकामी करून घ्या.

अग्निसुरक्षेची कागदपत्रं लवकर तपासून होतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ताजं आहे का पाहा. हायड्रंटला, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या नळाला, पाणी येतं का, ते चावी फिरवून पाहा.

दुसरं काम: थांबवण्याचा अधिकार एका माणसाला द्या

१५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. बाहेर प्रवेशाच्या रांगेत गर्दी दाटली, तिला वाट देण्यासाठी मोठं गेट उघडलं गेलं, आणि ती सगळी गर्दी एका बोगद्यातून आधीच भरलेल्या मधल्या भागात शिरली. बोगद्याचं तोंड कोणी बंद केलं नाही, सामन्याची सुरुवात पुढे ढकलली नाही, खेळ सहा मिनिटांनी थांबला. त्या घटनेतल्या मृतांची संख्या आज ९७ धरली जाते. बाजूच्या भागात जागा होती, हे विशेष लक्षात घ्या.

आपल्याकडे तो क्षण आला की आयोजक पोलिसांकडे बघतात, पोलीस संघटनेकडे, संघटना प्रक्षेपणवाल्यांकडे. म्हणून एक सुरक्षा अधिकारी नेमा. त्याचा तिकीटविक्रीशी, प्रायोजकांशी आणि पाहुण्यांच्या सरबराईशी काडीचाही संबंध नको. कार्यक्रम उशिरा सुरू करणं, मध्येच थांबवणं आणि रद्द करणं, हे तिन्ही अधिकार त्याला लेखी द्या, खाली आयोजकाच्या अध्यक्षाची सही घ्या. पर्यायी अधिकारीही नेमा, कारण माणूस आजारी पडतो आणि जेवायलाही जातो.

कोणत्या गोष्टी दिसल्यावर थांबवायचं, तेही आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी चर्चेला वाव राहता कामा नये. उभ्या प्रेक्षकांमध्ये एका चौरस मीटरमध्ये पाच माणसं दिसू लागली की तो भाग बंद करायचा. लोकांना हात वर करता येत नाहीत, गर्दी लाटेसारखी डोलतेय, पुढची माणसं कठड्यावरून आत यायला बघतायत, यातलं काहीही दिसलं की कार्यक्रम थांबवायचा. चेंगराचेंगरीत बहुतेक लोक पायाखाली तुडवून मरतात हा समज चुकीचा आहे. छातीवर चारी बाजूंनी दाब येतो, श्वास घेता येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या जातो. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला सगळे नीट उभे आहेत असंच वाटतं. म्हणून गर्दीकडे बघणारी माणसं वेगळी हवीत, त्यांची पाठ स्टेजकडे आणि तोंड लोकांकडे.

संगीताचा कार्यक्रम असेल तर साउंडवाल्याला आणि कलाकाराच्या मॅनेजरला खूण आधी सांगा: सुरक्षा अधिकाऱ्याने सांगितलं की आवाज बंद, मैदानावरचे दिवे चालू. क्रिकेटमध्ये हीच गोष्ट सामनाधिकारी आणि पंचांशी बोलून ठेवा.

सूत्रं दुसऱ्याकडे कधी जातात हेही लिहा. आग लागली तर अग्निशमन अधिकारी, बॉम्बची धमकी किंवा दंगल असेल तर पोलीस. प्रसंग मैदानाबाहेर पसरला तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ज्याचे अध्यक्ष २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकारी असतात. ‘आता सूत्रं तुमच्याकडे’ हे शब्द तोंडाने बोलायचे आणि वेळ वहीत टिपायची. एक गोष्ट पोलिसांशी आधीच स्पष्ट बोला: बंद स्टँडमध्ये अश्रुधूर नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलांगच्या मैदानात तो वापरला गेला, लोक अरुंद दारांकडे धावले, आणि १३५ जण मरण पावले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम मैदानात असा वायू वापरू देत नाहीत.

नियंत्रण कक्ष अशा जागी घ्या की खिडकीतून सगळं मैदान दिसेल. सीसीटीव्हीचे पडदे हवेतच, पण उघड्या डोळ्यांची जागा ते घेत नाहीत. कक्षात सुरक्षा अधिकारी, पोलीस, अग्निशमन, डॉक्टर, वीज सांभाळणारा आणि माइकवर बोलणारा, एवढेच लोक. शिवाय एक वही लिहिणारा, ज्याला दुसरं कोणतंही काम सांगायचं नाही.

नाशिकचे धोके नाशिकच्या हवामानातून काढा

दुसऱ्या शहराच्या आराखड्यातून धोक्यांची यादी उतरवली तर तिच्यात भूकंपापासून त्सुनामीपर्यंत सगळं येतं आणि अवकाळी राहून जातो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ऊन चाळिशी गाठतं आणि संध्याकाळी वारा, विजा, गारा. नेमके हेच सामन्यांचे आणि सभांचे महिने.

उन्हाला हलकं घेऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने बळी गेले. बाटल्या आत न्यायला बंदी घालत असाल तर प्रत्येक स्टँडमध्ये फुकट पिण्याचं पाणी देणं तुमचं कर्तव्य आहे. सावली, ओआरएस, आणि दुपारी बारा ते चार उघड्यावर गर्दी बसवायची नाही.

वाऱ्याचं काम स्ट्रक्चर उभारणाऱ्याकडून लेखी घ्या. एलईडी वॉल, साउंडचे टॉवर, कमानी, मांडव किती वेगाच्या वाऱ्यापर्यंत टिकतील तो आकडा मागा, वारा मोजायचं यंत्र लावा, आणि त्या आकड्याच्या बऱ्याच आधी लोकांना लांब हलवायचा टप्पा ठरवा. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग कोसळून १७ जण गेले. आपल्या मैदानांबाहेरचे फलकही फेरीत बघा.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप नियंत्रण कक्षातल्या दोघांच्या फोनवर चालू ठेवा. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर खेळ बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत कोणीही मैदानावर नको.

पावसात आणखी एक गोष्ट होते. लोक जिन्याखाली, जिन्यावर, गेटच्या कमानीत आडोसा शोधतात आणि वाट तुंबते. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेच झालं, २३ जण गेले. पावसाचा थेंब पडला की प्रत्येक जिन्याच्या वर आणि खाली दोन-दोन स्वयंसेवक उभे राहतील, हे ड्युटी चार्टमध्ये नावानिशी लिहा.

पावसाळ्यात पंचवटीतल्या संकुलात कार्यक्रम असेल तर गंगापूर धरणाच्या विसर्गावर लक्ष ठेवा. गोदेला पाणी वाढलं की काठचे रस्ते बंद होतात आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ठरलेला मार्ग कामाचा राहत नाही. दुसरा मार्ग नकाशावर आधीच हवा. सिंहस्थाच्या काळात तर पोलीस, होमगार्ड, अ‍ॅम्ब्युलन्स सगळे घाटांवर असतील. पर्वण्यांच्या आसपास मोठा कार्यक्रम ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवेश: बाहेरची गर्दी तुमचीच

बंगळुरूत ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जणांचा जीव गेला. मैदानाबाहेर. फुकट प्रवेश आहे की पास लागतो याचा गोंधळ, बसण्याच्या क्षमतेच्या कितीतरी पट लोक, आणि बंद गेटवर रेटा. आपली जबाबदारी कंपाउंडच्या भिंतीपाशी संपते असं समजणारा आराखडा अपुरा आहे. गोल्फ क्लबच्या बाबतीत ती त्र्यंबक रोडपर्यंत आणि पार्किंगपर्यंत जाते.

एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे एकेक माणूस सोडणाऱ्या फिरत्या दारातून, तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं जातात असं धरतात. आपल्याकडे झडती आणि पिशव्यांची तपासणी असते. एकाला दहा सेकंद लागले तरी तासाला ३६० च होतात. २० हजार लोक शेवटच्या एका तासात आले तर ५६ रांगा लागतील. तेवढ्या नसतात, त्यामुळे गेट तीन तास आधी उघडा आणि लोकांनी लवकर यावं म्हणून आत काहीतरी ठेवा. रांगेच्या शेवटी, गेटपासून लांब, माहिती देणारा माणूस आणि स्पीकर हवा. मागच्याला पुढचं दिसत नाही, म्हणून तो रेटतो. तिकीट संपलं असेल तर ते रस्त्यावरच कळायला हवं, गेटवर नको.

व्हीआयपींसाठी सर्वसाधारण गेट कधीही अडवू नका. त्यांचं गेट वेगळं ठेवा, आणि संकटात तेही सगळ्यांसाठी उघडेल असं लिहून ठेवा.

तीन हुकूम, आणि त्यांचे शब्द

संकट आलं की लोकांना बाहेर काढायचं, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. हुकूम तीन असतात: बाहेर काढणं, आहे तिथेच थांबवणं, आणि एका भागातून दुसऱ्या भागात हलवणं. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या स्टाड द फ्रान्सबाहेर स्फोट झाले तेव्हा सामना शेवटपर्यंत खेळवला गेला आणि लोकांना आत ठेवलं, कारण धोका बाहेर होता. वीज चमकत असेल तर लोकांना उघड्या पार्किंगमध्ये पाठवणं घातक. एका स्टँडखाली धूर असेल तर त्याच स्टँडमधल्या लोकांना खेळपट्टीच्या बाजूने मैदानात उतरवणं सगळ्यात सोपं, पण त्यासाठी जाळीच्या कुंपणात आतून सहज उघडणारी दारं हवीत आणि प्रत्येक दारापाशी माणूस हवा. प्रत्येक धोक्यापुढे तिघांतला कोणता हुकूम, हे एका पानावर लिहा आणि ते पान कक्षात भिंतीवर लावा.

घोषणा आधीच लिहून, छापून, शक्यतो रेकॉर्ड करून ठेवा. घाबरलेला माणूस माइकवर काहीतरी भलतंच बोलतो. वाक्यं छोटी हवीत, आणि ‘घाबरू नका’ ने सुरुवात नको, कारण ते ऐकूनच लोक घाबरतात. नमुना असा:

‘नमस्कार. मी मैदानाचा सुरक्षा अधिकारी बोलतोय. खेळ थोडा वेळ थांबवला आहे. पूर्व स्टँडमधल्या प्रेक्षकांनी हिरव्या जाकिटातल्या स्वयंसेवकांच्या मागे चालत मैदानात उतरावं. बाकी सर्वांनी जागेवर बसून राहावं. तुमच्यासाठी पुढची सूचना पाच मिनिटांत देतो.’

आणि पाच मिनिटांत खरोखर द्या, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी. घोषणा मराठीत, मग हिंदीत, आणि मोठ्या पडद्यावर अक्षरांत. कर्मचाऱ्यांसाठी एक सांकेतिक वाक्य ठरवा, म्हणजे लोकांना कळण्याआधी ते आपापल्या जागी जातील. स्पीकरला जनरेटरची वेगळी लाईन द्या, कारण दिवे गेल्यावरच त्याची खरी गरज लागते.

वीस हजार फोन एका जागी आले की मोबाइल नेटवर्क मान टाकतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आराखडा उभा करू नका. वॉकीटॉकी, त्यावरचे वेगळे चॅनल, भारलेल्या जादा बॅटऱ्या, आणि तेही बंद पडलं तर चिठ्ठी घेऊन पळणारी तरुण मुलं.

जखमींसाठी

गोल्फ क्लबपासून जिल्हा रुग्णालय जवळ आहे. ते भाग्यच, पण मोठ्या प्रसंगात सगळे जखमी तिथेच पाठवले तर ते रुग्णालयही तुंबतं. महापालिकेची आणि मोठी खासगी रुग्णालयं, आडगावचं मेडिकल कॉलेज, यांच्याशी आधी बोला: किती खाटा, कोणते डॉक्टर हजर. १०८ ची गाडी मैदानावर मागून घ्या, पण फक्त तिच्यावर विसंबू नका, ती संपूर्ण शहराची आहे. एक अ‍ॅम्ब्युलन्स गेल्यावर तिच्या जागी दुसरी येईपर्यंत कार्यक्रम चालू ठेवायचा की नाही, हेही ठरवा. मी नाही म्हणेन. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट वेगळी ठेवा, आणि तिच्यावर एकही गाडी उभी राहणार नाही यासाठी टोइंगची गाडी सकाळपासून ठेवा.

गर्दीत दबलेल्या माणसाच्या हाती मिनिटं असतात, त्याच्याजवळ सगळ्यात आधी डॉक्टर पोहोचत नाही, स्वयंसेवक पोहोचतो. प्रत्येक स्वयंसेवकाला सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणं, यायलाच हवं, आणि हृदयाला शॉक देणारी एईडी यंत्रं प्रत्येक स्टँडमध्ये दिसतील अशी लावा.

रंगीत तालीम

आधी टेबलावर. सगळे प्रमुख बसवा आणि एक प्रसंग वाचा: ‘संध्याकाळी सात वीस, दक्षिण स्टँड भरलेला, गेट चारबाहेर दोन हजार लोक, पाऊस सुरू झाला, दिवे गेले.’ मग एकेकाला विचारा, तुम्ही आत्ता काय करताय, कोणाला सांगताय, कशावरून सांगताय. जिथे दोघे एकदम ‘ते त्यांचं काम’ म्हणतात तिथे आराखड्यात भोक आहे.

मग मैदानावर. शाळेच्या स्पर्धेसारखा छोटा कार्यक्रम निवडा, सगळ्यांना कल्पना देऊन एक स्टँड रिकामा करा आणि घड्याळ लावा. तुमच्या हिशेबातले मिनिट आणि प्रत्यक्षातले मिनिट शेजारी लिहा. काठी किंवा व्हीलचेअर घेऊन आलेल्यांना, बाळ कडेवर असलेल्या बाईला किती वेळ लागला, ते वेगळं नोंदवा. कार्यक्रमाच्या दिवशी प्रेक्षक येण्याआधी प्रत्येक गेट एकदा पूर्ण उघडून बघायचं, आणि त्या माणसाने सही करायची. सामना चालू असताना कोणत्याही बाहेर जायच्या गेटला कुलूप नको. कडी आणि शेजारी माणूस, बस.

प्रसंग घडून गेल्यावर

ताटातूट झालेल्यांसाठी मैदानापासून थोड्या लांब, लोकांना ओळखीची अशी जागा ठरवा आणि तिकिटाच्या मागे छापा. हरवलेलं मूल पालक पटेपर्यंत महिला पोलिसाच्या ताब्यात. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर तिथे लावलेला हवा. जखमींची यादी एकाच ठिकाणी बनेल, आणि मृतांची नावं नातेवाइकांच्या आधी पत्रकारांना कळणार नाहीत. पत्रकारांशी एकच माणूस बोलेल, जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगेल, आणि पुढच्या माहितीची वेळ देईल.

कंट्रोल रूमची वही आणि सीसीटीव्हीचं चित्रण त्याच रात्री सीलबंद करा, बऱ्याच यंत्रणांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. स्वयंसेवकांत कॉलेजची पोरं असतात. त्यांनी जे पाहिलं त्यानंतर त्यांना तसंच घरी पाठवू नका, समुपदेशकाशी गाठ घालून द्या आणि आठवड्याने फोन करा. काहीच घडलं नाही तरी तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा बसायचं, कोणत्या गेटवर रांग तुंबली आणि कोणता वॉकीटॉकी बोलला नाही ते लिहायचं, आणि पुढच्या फाईलमध्ये हे नवं पान लावायचं.